बारा पट्ट्या, बाराच कॉर्ड: पियानोवर मेजर कॉर्डक्रमांचा सराव

पियानो किंवा कीबोर्ड शिकू लागलेला बहुतेक विद्यार्थी सुरुवातीच्या काही महिन्यांत सी मेजर, एफ मेजर आणि जी मेजर या तीन कॉर्ड (एकाच वेळी वाजवायचे तीन सूर) शिकतो, त्यांच्या आधारावर आठ-दहा गाणी बसवतो आणि मग बराच काळ तिथेच रेंगाळतो. एखाद्या दिवशी घरच्या बैठकीत गाणारी व्यक्ती ‘माझी पट्टी काळी चार’ असे सांगते आणि हात जागच्या जागी थांबतात. कीबोर्डवर ट्रान्सपोजचे, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारे, बटण दाबून वेळ मारून नेता येते, पण तारांच्या खऱ्या पियानोला असे बटण नसते. शिवाय बटणाच्या भरवशावर वाजवणाऱ्याचे कान एक सूर ऐकतात आणि डोळे दुसराच सूर पाहतात, त्यामुळे वर्षानुवर्षे वाजवूनही बाकीच्या अकरा पट्ट्या परक्याच राहतात.

या अकरा पट्ट्यांची भीती मुख्यतः एका चुकीच्या हिशेबातून येते. प्रत्येक पट्टीत तीन मुख्य कॉर्ड आणि पट्ट्या बारा, म्हणजे छत्तीस कॉर्ड पाठ करायच्या, असे नवशिक्याला वाटते. प्रत्यक्षात मेजर कॉर्ड एकंदर बाराच आहेत. तीच कॉर्ड एका पट्टीत पहिली असते, दुसरीत चौथी असते आणि तिसरीत पाचवी असते. हे नाते एकदा हातात बसले की पुढचे सारे काम सरावाचे उरते, आणि तो सराव कोणत्या क्रमाने करावा हे येथे सविस्तर मांडले आहे.

लेखात ‘पट्टी’ हा शब्द गायनातल्या अर्थाने, म्हणजे सा कुठे धरला आहे हे सांगण्यासाठी वापरला आहे आणि बोटाखाली दाबल्या जाणाऱ्या पट्टीला ‘की’ म्हटले आहे. ज्यांचा हात हार्मोनियमवर बसलेला आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प (सीच्या लगतची वरची की) किंवा डी फ्लॅट (डीच्या लगतची खालची की), पांढरी चार म्हणजे एफ, काळी तीन म्हणजे एफ शार्प, काळी चार म्हणजे जी शार्प किंवा ए फ्लॅट आणि काळी पाच म्हणजे ए शार्प किंवा बी फ्लॅट. सरावासाठी ८८ कींचा पियानोच हवा असे नाही. ६१ कींचा कीबोर्ड पुरतो, मात्र त्याचे ट्रान्सपोज शून्यावर ठेवावे आणि सराव संपेपर्यंत त्याला हात लावू नये.

पहिली पायरी: सा बदलला तरी अंतरे तीच

मेजर स्केल म्हणजे आपल्या परिचयाचा बिलावल थाट, सगळे स्वर शुद्ध. सा ते रे पूर्णस्वर, रे ते ग पूर्णस्वर, ग ते म अर्धस्वर, मग म–प, प–ध आणि ध–नी ही तीन पूर्णस्वरांची अंतरे आणि शेवटी नी ते वरचा सा पुन्हा अर्धस्वर. पियानोवर लगतच्या दोन कींमधले अंतर अर्धस्वराचे असते, मग त्या दोन्ही पांढऱ्या असोत किंवा एक काळी आणि एक पांढरी असो. ई आणि एफ यांच्यामध्ये, तसेच बी आणि सी यांच्यामध्ये काळी की नाही, हे सुरुवातीला पुनःपुन्हा विसरले जाते, म्हणून ते प्रत्यक्ष बोट ठेवून पाहावे.

मेजर कॉर्ड म्हणजे सा, ग आणि प एकाच वेळी. सापासून ग चार अर्धस्वरांवर येतो आणि गपासून प तीन अर्धस्वरांवर. याच मापाने म वर उभारलेली कॉर्ड म–ध–सा होते, ती चौथी. प वर उभारलेली कॉर्ड प–नी–रे होते, ती पाचवी. या तीन कॉर्डमध्ये मिळून सातही शुद्ध स्वर येतात, आणि म्हणूनच शुद्ध स्वरांतल्या कोणत्याही साध्या चालीला या तिघी पुरेशा होतात.

दुसरी पायरी: बारा कॉर्ड हाताच्या ठेवणीवरून ओळखणे

बारा कॉर्ड नावाने पाठ करण्यापेक्षा त्या हाताखाली कशा दिसतात हे पाहिले तर फार लवकर बसतात. सी, एफ आणि जी या तिन्ही कॉर्ड पूर्ण पांढऱ्या कींच्या आहेत. डी, ए आणि ई या कॉर्डमध्ये मधले बोट काळ्या कीवर जाते आणि दोन्ही टोके पांढऱ्या कींवर राहतात, जसे डी–एफ शार्प–ए. याच्या नेमक्या उलट डी फ्लॅट, ए फ्लॅट आणि ई फ्लॅट यांत टोके काळी आणि मधली की पांढरी असते, जसे डी फ्लॅट–एफ–ए फ्लॅट. एफ शार्पची कॉर्ड संपूर्ण काळ्या कींची आहे. राहिल्या दोन, आणि त्या दोघी कोणत्याच गटात बसत नाहीत: बी–डी शार्प–एफ शार्प ही पांढरी, काळी, काळी अशी आणि बी फ्लॅट–डी–एफ ही काळी, पांढरी, पांढरी अशी. नवशिक्याचा हात सर्वाधिक वेळा याच दोन कॉर्डवर चुकतो, म्हणून त्यांना पहिल्या दिवसापासून दुप्पट वेळ द्यावा.

या पायरीला एक आठवडा पुरे. उजव्या हाताचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांनी प्रत्येक कॉर्ड दाबावी, तिन्ही सूर एकदम उमटतात का हे ऐकावे आणि नाव मोठ्याने उच्चारावे. नावे उच्चारताना एक शिस्त पाळावी: कॉर्डमधली अक्षरे नेहमी एक सोडून एक येतात. डी फ्लॅटच्या कॉर्डमध्ये डी, एफ आणि ए हीच अक्षरे असतील. त्यामुळे तिथली पहिली की सी शार्प आणि तिसरी ए फ्लॅट अशी सरमिसळ करू नये. वाजणारा सूर तोच असला, तरी नावे विस्कटली की पुढे स्वरलिपी वाचताना गोंधळ होतो.

तिसरी पायरी: सी मेजरमध्ये हात कमीत कमी हलवणे

आता पहिली, चौथी, पाचवी आणि पुन्हा पहिली हा क्रम घ्यावा. सुरुवातीला विद्यार्थी सी–ई–जी वाजवून हात उचलतो, एफ–ए–सीवर टाकतो, पुन्हा उचलतो आणि जी–बी–डीवर टाकतो. अशा उड्या मारल्या की ऐकणाऱ्यालाही धक्के बसतात. कॉर्डमधले सूर तेच ठेवून त्यांचा वरखाली क्रम बदलता येतो, ज्याला इन्व्हर्जन म्हणतात, आणि त्याचा उपयोग करून हात जवळजवळ जागीच ठेवता येतो.

उजव्या हाताने सी–ई–जी धरावे, बोटे एक, तीन, पाच (अंगठा एक, करंगळी पाच). चौथ्या कॉर्डसाठी अंगठा सीवरच राहू द्यावा, मधले बोट ईवरून एफवर आणि करंगळी जीवरून एवर सरकवावी. सी–एफ–ए मिळाले. आता अंगठा अर्धस्वर खाली बीवर आणावा, तर्जनी डीवर ठेवावी आणि करंगळी परत जीवर न्यावी. बी–डी–जी मिळाले. तिथून अंगठा सीवर, मधले बोट ईवर आणि करंगळी आहे तिथेच. हेच सरगमच्या भाषेत सांगायचे तर सा–ग–प, सा–म–ध, मंद्र नी–रे–प आणि पुन्हा सा–ग–प. हे चार शब्दसमूह पाठ करावेत, कारण पुढच्या अकराही पट्ट्यांत हेच राहणार आहेत. सी, ई, जी ही नावे बदलतील, पण सा, ग, प बदलणार नाहीत. सरगम ज्याच्या जिभेवर आहे त्या मराठी विद्यार्थ्याच्या हाती सगळ्या पट्ट्यांना लागणारी एकच किल्ली आधीपासून आहे, असे मला मनापासून वाटते, आणि पाश्चात्त्य वाद्य शिकताना ती बाजूला ठेवण्याचे काहीही कारण नाही.

डाव्या हाताचे काम सोपे आहे. करंगळी खालच्या सा वर ठेवली की तर्जनी म वर आणि अंगठा प वर आपोआप येतो. पहिल्या कॉर्डला करंगळी, चौथीला तर्जनी, पाचवीला अंगठा आणि शेवटी पुन्हा करंगळी. ही बोटांची रचनाही बाराही पट्ट्यांत तशीच ठेवता येते.

मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावावा आणि प्रत्येक कॉर्ड चार ठोके धरावी. एक आवर्तन सोळा मात्रांचे होते, म्हणजे तीनतालाएवढेच. तबल्याचे अॅप असेल तर मेट्रोनोमऐवजी तीनतालाचा ठेका लावून पाहावा. सम (पहिली मात्रा) पहिल्या कॉर्डवर येते आणि खाली (नववी मात्रा) नेमकी पाचव्या कॉर्डवर येते, त्यामुळे आपण कुठे आहोत हे मोजावे लागत नाही. आवर्तन सलग पाच वेळा न अडखळता झाले की दुसऱ्या पट्टीकडे वळावे, त्याआधी लय वाढवण्याची घाई करू नये.

चौथी पायरी: पंचमांच्या वाटेने पुढे जाणे

पट्ट्या कोणत्या क्रमाने घ्याव्यात? सीनंतर डी फ्लॅट, मग डी असे अर्धस्वराने चढत जाणे दिसायला सरळ आहे, पण शिकायला सर्वांत अवघड आहे, कारण लगतच्या दोन पट्ट्यांत तीन मुख्य कॉर्डपैकी एकही सामाईक नसते. त्याऐवजी पंचमाने पुढे जावे. सीचा प म्हणजे जी, जीचा प म्हणजे डी, असे करत गेल्यास क्रम असा येतो: सी, जी, डी, ए, ई, बी, एफ शार्प, डी फ्लॅट, ए फ्लॅट, ई फ्लॅट, बी फ्लॅट, एफ, आणि पुन्हा सी. यालाच सर्कल ऑफ फिफ्थ्स म्हणतात. षड्ज-पंचम भावाशी परिचय असलेल्या वाचकाला ही वाट नवी वाटणार नाही.

हा क्रम एका कागदावर घड्याळाच्या तबकडीसारखा लिहून पियानोसमोर लावावा. मग कोणत्याही पट्टीची पाचवी कॉर्ड तिच्या उजव्या शेजारी सापडते आणि चौथी डाव्या शेजारी. सीच्या उजवीकडे जी, डावीकडे एफ. ईच्या उजवीकडे बी, डावीकडे ए. ए फ्लॅटच्या उजवीकडे ई फ्लॅट, डावीकडे डी फ्लॅट. सीवरून जीकडे गेलात की सी आणि जी या दोन कॉर्ड तुमच्या हातात आधीच असतात. नवी फक्त डी येते. जीवरून डीकडे गेलात की फक्त ए. म्हणजे प्रत्येक नव्या पट्टीला एकच नवा शेजारी ओळखायचा असतो, आणि तोही दुसऱ्या पायरीत हाताखालून गेलेला असतो.

स्केलमध्येही प्रत्येक पावलाला एकच स्वर बदलतो. सीवरून जीवर जाताना एफचा एफ शार्प होतो. जुन्या सा च्या हिशेबाने हा तीव्र मध्यम, आणि नव्या सा च्या हिशेबाने तो शुद्ध निषाद. उलट दिशेने सीवरून एफवर जाताना बीचा बी फ्लॅट होतो, म्हणजे जुना कोमल निषाद हा नवा शुद्ध मध्यम. हे एकदा गाऊन पाहावे. कागदावर रुक्ष वाटणारे शार्प आणि फ्लॅटचे गणित गळ्यातून निघाले की लगेच पटते.

एफ शार्प ही तबकडीतली सर्वांत खालची, सहाच्या आकड्यावरची जागा. तिथे सहा शार्प असतात, आणि तीच पट्टी जी फ्लॅट म्हणून लिहिली तर सहा फ्लॅट असतात. एफ शार्पमधली पाचवी कॉर्ड सी शार्प–ई शार्प–जी शार्प अशी लिहिली जाते. ई शार्प म्हणजे हाताखाली एफचीच पांढरी की असते, पण नाव ई शार्पच म्हणावे, कारण सीनंतरचे एक सोडून येणारे अक्षर ई आहे. याच कॉर्डला पुढच्या पट्टीत डी फ्लॅट म्हणायचे आहे. नावे बदलण्याची ही एकच जागा आहे, तिथे थोडे थांबून श्वास घ्यावा.

प्रत्येक पट्टीला दोन दिवस दिले तर बारा पट्ट्यांना २४ दिवस लागतात. रोज वीस मिनिटे पुरेत: पहिली पाच मिनिटे आदल्या पट्टीची उजळणी, पुढची दहा मिनिटे नवी पट्टी आणि शेवटची पाच मिनिटे आतापर्यंतच्या सर्व पट्ट्यांतून एकेक आवर्तन.

काळ्या कींवर हात कसा ठेवावा

काळ्या की पांढऱ्या कींपेक्षा साधारण सेंटिमीटरभर उंच आणि आतल्या बाजूला असतात. पांढऱ्या कींच्या कडेवर वाजवण्याची सवय असलेला हात डी फ्लॅट मेजरमध्ये अडखळतो तो यामुळेच. ही पट्टी जवळून पाहू. डी फ्लॅट–एफ–ए फ्लॅटवर हात ठेवताना संपूर्ण पंजा पियानोच्या आतल्या बाजूला सरकवावा, इतका की मधले बोट एफच्या पांढऱ्या कीवर काळ्या कींच्या अगदी लगत पडेल. चौथ्या कॉर्डला अंगठा जागीच राहतो आणि वरची दोन बोटे जी फ्लॅट आणि बी फ्लॅटवर जातात, म्हणजे तिन्ही की काळ्या. पाचव्या कॉर्डला अंगठा काळ्या डी फ्लॅटवरून शेजारच्या पांढऱ्या सीवर उतरतो आणि वर ई फ्लॅट व ए फ्लॅट येतात. या उतरण्यात बरेच जण कोपर बाहेर झटकतात किंवा सगळा हात स्वतःकडे ओढतात. सीची की तिच्या टोकाशी न दाबता आतल्या बाजूला, काळ्या कीजवळ दाबली, तर ओढाताण लागत नाही. अंगठा फक्त खाली उतरतो आणि पुढच्या कॉर्डला परत वर चढतो. हे चार सूर नुसत्या अंगठ्याने, बाकीची बोटे न वाजवता, वीस वेळा करून पाहावे: डी फ्लॅट, डी फ्लॅट, सी, डी फ्लॅट.

काळ्या की म्हणजे अवघड पट्टी, हा समज मात्र सोडून द्यावा. फ्रेदेरिक शोपँ आपल्या विद्यार्थ्यांना स्केल शिकवताना बी मेजरपासून सुरुवात करत असे आणि पूर्ण पांढरी सी मेजर शेवटी ठेवत असे. कारण सरळ आहे. लांब बोटे काळ्या कींवर आणि आखूड अंगठा पांढऱ्या कीवर पडला की पंजा नैसर्गिक आकारात राहतो. पहिल्या आठवड्यात बी मेजरमध्ये धडपडणाऱ्या हाताला महिन्याभरानंतर तीच पट्टी सुखाची वाटू लागते, हे स्वतः अनुभवण्यासारखे आहे.

मनगट सैल ठेवावे, कॉर्ड दाबल्यानंतर बोटांवरचा दाब लगेच कमी करावा आणि तळहातात किंवा पुढच्या हातात दुखू लागल्यास थांबावे. या टप्प्यावर पेडल वापरू नये. पेडलमुळे मागची कॉर्ड पुढच्या कॉर्डमध्ये सांडते आणि बोटे वेळेवर पोहोचली की नाही हे कळेनासे होते.

पाचवी पायरी: गाणे आणि ऐकणे

प्रत्येक पट्टीत कॉर्ड वाजवताना वरचा सूर गावा: प, ध, प, प. दुसऱ्या दिवशी मधला गावा: ग, म, रे, ग. तिसऱ्या वेळी खालचा: सा, सा, नी, सा. गाणाऱ्या गळ्याला चूक आधी कळते, बोटांना उशिरा.

तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या व्यक्तीला पियानोवरचा गंधार किंचित चढा वाटेल, आणि ते बरोबर आहे. पियानोवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात आणि त्यामुळे तिथला ग, तंबोऱ्याच्या षड्जातून स्वयंभूपणे ऐकू येणाऱ्या गपेक्षा अर्धस्वराच्या सुमारे चौदा शतांश भागाने चढा असतो. पंचमातला फरक मात्र अर्धस्वराच्या दोन शतांशांएवढाच, जवळजवळ न जाणवणारा. ही तडजोड केली आहे म्हणूनच बाराही पट्ट्या सारख्याच सुरेल वाजतात आणि वाद्य पुन्हा न लावता एका पट्टीतून दुसरीत जाता येते.

सहावी पायरी: क्रम वाढवणे आणि पट्ट्या जोडणे

मूळ क्रम बाराही पट्ट्यांत बसल्यावर पाचव्या कॉर्डमधला रे काढून त्याजागी म घ्यावा. सीमध्ये बी–एफ–जी, बोटे एक, चार, पाच. ही सेव्हन्थ कॉर्ड आहे आणि तिच्यात घरी परतण्याची ओढ अधिक तीव्र असते.

त्यानंतर सहावी कॉर्ड, ध–सा–ग, घ्यावी. ती मायनर आहे, कारण तिथे आधी तीन आणि मग चार अर्धस्वर येतात. पहिली, सहावी, चौथी, पाचवी हा क्रम हाताला विलक्षण सोपा जातो: सा–ग–प वरून करंगळी ध वर सरकवली की सा–ग–ध, मग ग चा म केला की सा–म–ध, आणि शेवटी नी–रे–प. पहिल्या दोन बदलांत प्रत्येकी एकच सूर हलतो. तबकडीवर सहाव्या कॉर्डची जागा उजवीकडे तिसऱ्या घरात असते. सीपासून मोजले तर जी, डी, ए, म्हणून ए मायनर. हा क्रम झाला की त्याच चार कॉर्ड पहिली, पाचवी, सहावी, चौथी अशा फिरवून पाहाव्यात. असंख्य लोकप्रिय गाणी या एका फेऱ्यावर उभी आहेत.

पट्ट्या न थांबता जोडायच्या असतील तर तबकडीवर उलट दिशेने, डावीकडे जावे. सीमधले आवर्तन संपवताना शेवटच्या सा–ग–प मध्ये कोमल नी मिसळावा, म्हणजे सी–ई–जी–बी फ्लॅट. ही कॉर्ड आता एफची पाचवी होऊन बसते आणि कान एफची वाट पाहू लागतो. एफच्या शेवटी ई फ्लॅट मिसळला की बी फ्लॅट उघडते. साठच्या लयीत बारा पट्ट्यांचा हा पूर्ण फेरा ३ मिनिटे १२ सेकंदांत होतो. तो बिनचूक झाला की त्याच ठेक्यावर दुगुण करावी, प्रत्येक कॉर्डला दोन मात्रा.

इतके झाले तरी तबकडीच्या क्रमाची सवय हाताला लागलेली असते आणि प्रत्यक्ष साथीत पट्टी कोणत्याही क्रमाने येते. म्हणून बारा चिठ्ठ्यांवर बारा पट्ट्या लिहून डब्यात ठेवाव्यात. चिठ्ठ्यांवर इंग्रजी नावाशेजारी हार्मोनियमचे नावही लिहावे, कारण पुरुष गायक काळी एक किंवा पांढरी दोन सांगेल आणि गायिका काळी चार किंवा काळी पाच. सरावाच्या सुरुवातीला डोळे मिटून एक चिठ्ठी काढावी, डावी करंगळी त्या सा वर ठेवावी, चार मात्रा मोजाव्यात आणि पाचव्या मात्रेला वाजवायला सुरुवात करावी. ज्या पट्टीत हात अडखळेल ती चिठ्ठी डब्यात परत न टाकता पियानोवरच ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी तिच्यापासून सुरुवात करावी.